नैरोबीत त्रेचाळीस कॅरीबॅगा

माझा धंदा कापायचा. म्हणजे सोलापुरात एका युनिफॉर्मच्या कारखान्यात मी कटिंग मास्टर आहे. तीस वर्षांत शाळेच्या किती हाफ पँटी कापल्या त्याचा हिशेब देवाकडं असेल. मालकाकडं तर नक्कीच आहे. त्यामुळं आमच्या चर्चच्या मंडळीनं केनियात मिशनवर पाच माणसं पाठवायचं ठरवलं आणि ‘तिकडच्या चर्चमधल्या बायकांना युनिफॉर्म शिवायला शिकवायचंय’ असं पाळकसाहेबांनी उपासना संपताना जाहीर केलं, तेव्हा सगळ्या बाकांवरच्या माना माझ्याकडं वळल्या. काहींना देवाचं पाचारण, म्हणजे बोलावणं, स्वप्नात होतं. मला असं झालं.

पाच जण म्हणजे पाळकसाहेब, शिलाई शिकवणाऱ्या मावशी, गिटारवाला दादा, वायरमन मामा आणि मी. दादा आणि मामा ही काही त्यांची बारशाची नावं नव्हेत, पण अख्खी मंडळी त्यांना तशीच हाक मारते. हे पुढं महागात पडणार होतं.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. पिवळ्या तापाची लस पुण्याला जाऊन टोचून आलो. तिचं पिवळं कार्ड केनियाला नाही, परत येताना आपल्याच सरकारला दाखवावं लागतं; नाहीतर सहा दिवस वेगळं कोंडतात. मामा म्हणाला, “सहा दिवस पगारी असतील तर कार्ड घरीच ठेवतो.”

खरी तयारी बॅगांची, आणि ती मावशींनी ताब्यात घेतली. शेंगाचटणीला तेल सुटतं आणि तेलाला वाट सापडते, हे सोलापूरच्या बाईला शिकवावं लागत नाही. चटणी डब्यात, डबा कॅरीबॅगेत, कॅरीबॅगेला गाठ, मग ती गाठ खाली करून दुसऱ्या कॅरीबॅगेत, तिलाही गाठ. कडक भाकरी तशाच. चपला तशाच. साबणसुद्धा तसाच, जणू त्यालाही तेल सुटणार होतं. माझ्या तीन बारा इंची कात्र्या मी फडक्यात गुंडाळल्या होत्या, त्याही मावशींनी सोडवून कॅरीबॅगेत घातल्या. भेट म्हणून आठ सोलापुरी चादरी घेतल्या. वजन वाढायला लागलं तेव्हा मी दोन कमी करू म्हटलं. पाळकसाहेब म्हणाले, “जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू आहे, मास्तर. ती राहू द्या, तुमचे शर्ट कमी करा.” झाले.

स्वेटर कुणीच घेतला नाही. आफ्रिका म्हणजे ऊन, आणि उन्हाचं आम्हाला काय सांगता? मे महिन्यात सोलापुरात त्रेचाळीस डिग्रीत माणसं लग्नात कोट घालून उभी असतात.

रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई, आणि तिथून विमान. उतरण्याआधी हवाईसुंदरीनं प्लॅस्टिकच्या पिशव्यांबद्दल काहीतरी सांगितलं म्हणे. दादाच्या कानात बोंडं होती, पाळकसाहेब प्रार्थनेत होते, मामा झोपला होता आणि मी घड्याळ अडीच तास मागं करण्यात गुंतलो होतो. मावशींनी मात्र ऐकलं. त्यांना वाटलं, पिशव्या सांभाळा असं सांगतायत. त्यांनी जेवणाच्या ट्रेवरच्या आणखी दोन घडी करून पर्समध्ये ठेवल्या.

इमिग्रेशनच्या काउंटरवर एक बाई होती. तिच्या शर्टाच्या खांद्याची शिलाई इतकी सरळ होती की मी नमस्कार करायचा विसरलो. येण्याचं कारण काय, याचं उत्तर मी विमानात बावीस वेळा पाठ केलेलं. तिनं विचारलं, “ऑक्युपेशन?”

“कटिंग मास्टर.”

“काय कापता?”

“हाफ पँट.”

तिनं माझ्याकडं बघितलं, मग पासपोर्टकडं, आणि मशीनकडं बोट केलं. इथं घात झाला. माझ्या उजव्या अंगठ्याला कात्रीच्या कड्याचा घट्टा आहे. जुन्या जात्याच्या पाळीसारखा गुळगुळीत. सोलापुरात रेशनच्या दुकानातही तो लागत नाही. दुकानदार मला बघितला की आधी बाकीच्यांचे अंगठे उरकून घेतो. इथं मशीन लाल. पुन्हा लाल. बाईंनी ओला कागद दिला, पुसलं, लाल. मग मी रेशनच्या दुकानातला उपाय केला. अंगठा केसांत चोळला, कपाळावर घासला, त्यावर फुंकर मारली आणि टेकवला. बाईंना वाटलं, मी काही धार्मिक विधी करतोय. त्या अदबीनं थांबल्या. सहाव्या वेळी हिरवा.

मागं तटलेल्या रांगेत पाळकसाहेब बाकीच्यांना धीर देत होते. “अहो, 1813 च्या फेब्रुवारीत हॉल आणि नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारनं त्यांना थेट परत जा म्हणून हुकूम काढला. आधी कलकत्त्यातनं हाकललेलेच होते. बिचारे गुपचूप जहाजानं कोचीनला गेले, तिथनं पुन्हा धरून आणले. शेवटी कशीबशी परवानगी मिळाली. आपलं काय, दहा मिनिटांचा प्रश्न.”

मावशी म्हणाल्या, “त्यांच्याबरोबर मास्तर नव्हते.”

बॅगा आल्या. मशीनमधून पहिली गेली, दुसरी गेली, तिसरीत पडद्यावर माझ्या तिन्ही कात्र्या एकावर एक, तोंड उघडून दिसल्या. कस्टमच्या तरुण साहेबानं बॅग टेबलावर घेतली. कात्र्यांचं त्याला काहीच वाटलं नाही. शिलाईच्या आहेत म्हटल्यावर त्यानं धार बघून मान डोलावली. पण त्या ज्यातून निघाल्या ती कॅरीबॅग त्यानं दोन बोटांत धरून वर केली. मेलेला उंदीर धरतात तशी.

केनियात 2017 च्या ऑगस्टपासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा बंद आहेत. चाळीस लाख शिलिंगपर्यंत दंड, किंवा चार वर्षांपर्यंत कैद. बंदी आपल्याकडंही 2018 पासून आहे. भाजीवाल्याला ते अजून कुणी सांगितलेलं नाही, एवढाच फरक. साहेब म्हणाला, घाबरू नका, सगळ्या इथं काढून ठेवा आणि जा. सगळ्या! त्याला बिचाऱ्याला वाटलं, चार-पाच असतील.

मावशींची गाठ सुटत नाही. दातानं सोडवावी लागते, नाहीतर कापावी. म्हणजे ज्या कात्र्यांनी हे सगळं सुरू केलं त्याच हातात घेऊन मी परदेशातलं माझं पहिलं सेवाकार्य सुरू केलं. डबा निघाला की आत आणखी एक गाठ. साहेब मोजत होता. वीसनंतर त्यानं खुर्ची मागवली. चटणीचा डबा उघडून वास घेतला, चेहरा खुलला, म्हणाला, “करांगा?”

“करंजी नव्हे ओ, चटणी,” मावशी म्हणाल्या. नंतर कळलं, करांगा म्हणजे शेंगदाणेच. तो बरोबर होता.

दादा लांब गिटारचा खोका शोधत होता. मी ओरडलो, “दादा! ए दादा! इकडं ये की बे!” तर दादा सोडून आसपासच्या तीन बायका वळल्या. त्यातली एक गणवेशातली होती. तिनं कमरेवर हात ठेवून विचारलं, काय पाहिजे? स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. आणि काका म्हणजे भाऊ. हे साहेबानंच सांगितलं, हसू दाबत. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, मिशीवाल्या मामाकडं बोट करून विचारलं, “आणि हे?”

“मामा,” आम्ही चौघं एका सुरात म्हणालो.

साहेब खुर्चीतून उठून बाहेरच गेला. स्वाहिलीत मामा म्हणजे आई.

एकूण भरल्या त्रेचाळीस. शेवटच्या दोन मावशींनी पर्समधून स्वतः काढून दिल्या, प्रामाणिकपणे. आता टेबलावर अकरा डबे, भाकऱ्यांची चळत, पाच जणांच्या चपला, कात्र्या आणि एक साबण असा बाजार मांडलेला, आणि बॅगेत काही मावेना. कॅरीबॅगेत दाबून भरलेला माल मोकळा झाला की फुगतो, हे मला कापडाचं माहीत होतं, चपलांचं नव्हतं. मावशींनी एक सुस्कारा टाकला, चादरींची घडी मोडली आणि फरशीवर अंथरायला सुरुवात केली. चार टोकं, एक गाठ, एक बोचकं. आठ चादरी, आठ बोचकी. आम्ही विमानतळाबाहेर पडलो ते गड्ड्याच्या जत्रेला निघाल्यासारखे. मामाच्या डोक्यावर दोन.

दार सरकलं आणि वारा असा अंगावर आला की पाळकसाहेबांच्या तोंडून प्रभूचं नाव गेलं, प्रार्थना म्हणून नव्हे. नैरोबी शहर आपल्या कळसूबाईच्या 1,646 मीटरच्याही वर वसलेलंय, आणि जुलै म्हणजे तिथली थंडी. हे भूगोलाच्या मास्तरांनी सांगायला हवं होतं. आम्ही पाचही जण अर्ध्या बाह्यांत. आठ चादरी हाताशी, आणि आठींच्या पोटात डबे.

चर्चनं पाठवलेला ड्रायव्हर हातात पाटी घेऊन उभा होता. विशीतला पोरगा. त्यानं बोचकी बघितली, आमचे वाजणारे दात ऐकले, मामाच्या डोक्यावरचं ओझं उतरवून घेतलं आणि कळवळून म्हणाला, “पोले. पोले सना.”

पोले म्हणजे वाईट वाटलं, बिचारे तुम्ही. पण हे आम्हाला कुणाला माहीत? मावशींना वाटलं, पोरगं सकाळपासून ताटकळलंय, भूक लागली असणार. त्यांनी थंडीनं आखडलेल्या बोटांनी एका बोचक्याची गाठ सोडली, कडक भाकरी काढली, तिच्यावर चटणी ठेवली आणि त्याच्यापुढं धरली.

“पोळी नाही रे बाबा,” त्या म्हणाल्या, “भाकरी आहे. खा.”

पोरगं कड्कन चावा घेता घेता थांबलं, त्याला बाबा म्हटल्याचं ऐकून. तो शब्द तिकडंही बापालाच म्हणतात. लाजला, आणि भाकरी दुसऱ्या हातात घेऊन मावशींच्या खांद्यावर त्यानं रिकामी झालेली चादर टाकली.

ती परत मिळेपर्यंत मी व्हॅनमध्ये गिटारचा खोका मिठीत घेऊन बसलो होतो.