“एक काफ्का लावलं की झालं” म्हणे

नाशिकच्या आयटीवाल्यांच्या ग्रुपवर परवापासून एक पोस्ट फिरतेय, तिघांनी तर मला टॅग करून टाकली. म्हणणं असं की इन्व्हेस्टमेंट बँका अजून नव्वदीतल्या मेसेज क्यूवर (एका सिस्टिमचा मेसेज दुसरी उचलेपर्यंत रांगेत धरून ठेवणारं सॉफ्टवेअर) बसल्यात, काफ्का, म्हणजे मेसेज लॉगमध्ये साठवून पुढे पुरवणारं नवं सॉफ्टवेअर, लावलं की हा कचरा निघतो, ते एक्झॅक्टली वन्स (प्रत्येक मेसेज नेमका एकदाच) देतं म्हणजे डबल मेसेजची कटकट संपली, आणि सगळ्या सिस्टिम एकमेकींशी थेट एपीआयने (एका सिस्टिमने दुसरीला केलेला सरळ कॉल) बोलल्या की त्या जोडून देणारी इंटिग्रेशन टीम लागते कशाला. माझी अकरा वर्षं ह्याच टीममध्ये गेलीत, म्हणजे पोटावर पाय आलाय हे मान्य, तरी लिहितो.

जुनाटपणाचं आधी उरकतो. फिक्स, म्हणजे ट्रेडचे मेसेज पाठवायची ठरलेली पद्धत, १९९२ चं, आणि एमक्यू, म्हणजे आयबीएमचं मेसेज क्यू, १९९३ चं, खरंय. पण बँकांना नवं सुचतच नाही म्हणता, तर एएमक्यूपी हे मेसेज क्यूचं खुलं स्टँडर्ड जेपी मॉर्गन बँकेतच सुरू झालं, २००३ मध्ये, जॉन ओ’हारा यांनी. तुमच्या स्टार्टअपमधलं रॅबिटएमक्यू हे मेसेज क्यू त्यावरच उभं राहिलंय, बघा.

आता एक्झॅक्टली वन्स, खरी गंमत इथे आहे. मागे एकदा पावसाळ्यात रात्री दीडला इंदिरानगरच्या घरी लाइट गेलेली, मी इन्व्हर्टरवर, आणि बॅक ऑफिसमधून फोन की एकच ट्रेड दोनदा बुक झालाय. लॉग काढले तर काय, आमच्या प्रोसेसने क्यूवरून मेसेज उचलला, डेटाबेसमध्ये कमिट केला (पक्का नोंदवला), आणि क्यूला “मिळाला” सांगायच्या आत मेली, मग क्यूने इमानेइतबारे तोच मेसेज परत दिला. क्यूचं काय चुकलं? ट्रेड आयडी आणि व्हर्जनवर युनिक कन्स्ट्रेंट (तीच नोंद दुसऱ्यांदा न घेणारा डेटाबेसचा नियम) टाकायचं आमच्याच लोकांनी राहून गेलं होतं, त्यात मीही आलो.

काफ्का असतं तर वाचलो असतो का? नाही. २०१७ ला त्यात ट्रान्झॅक्शन (सगळं मिळून होणार नाहीतर काहीच नाही) आली, पण ती हमी काफ्कातून वाचून काफ्कातच लिहिता तोपर्यंतची. मेसेज बाहेरच्या डेटाबेसमध्ये किंवा एक्सचेंजकडे गेला की डबल ओळखायचं काम तुमचंच. लासलगावला कांद्याचा लिलाव झाला की सौदापट्टी, मग काट्यावर वजन, मग हिशोबपट्टी. पट्टी सायकलवरून आणा नाहीतर ड्रोनने, हिशोब करणाऱ्याने नंबर न बघता तीच पट्टी दोनदा घेतली तर पैसे दोनदाच जाणार ना! फिक्समध्ये म्हणूनच प्रत्येक मेसेजला सिक्वेन्स नंबर असतो आणि परत पाठवताना “हा कदाचित डबल आहे” असा फ्लॅग लागतो, त्या जुनाट १९९२ च्या लोकांनी एवढा विचार केलेला.

क्रमाचंही तेच. काफ्का क्रम पाळतं ते एका पार्टिशनपुरतं, म्हणजे मेसेज वाटून ठेवलेल्या एका कप्प्यापुरतं, आणि कप्पा ठरवणारी “की” म्हणून ट्रेड आयडी दिली नाही तर ट्रेडच्या आधी त्याचं कॅन्सल येऊन उभं राहू शकतं, मग बसा शोधत.

थेट एपीआयवाला मुद्दा तर कागदावरच पडतो. ३० सिस्टिम प्रत्येकीने प्रत्येकीशी बोलायच्या तर ४३५ जोडण्या. त्यात सेटलमेंट (पैसे आणि शेअरची देवघेव) सिस्टिम रात्री बॅचसाठी बंद, तेव्हा एपीआय कॉल आपटतो, क्यूमध्ये मेसेज सकाळपर्यंत पडून राहतो. अमेरिकेत २८ मे २०२४ पासून टी प्लस वन (ट्रेडनंतर एका कामकाजाच्या दिवसात सेटलमेंट) आहे, आपल्याकडे त्याच्याही आधी पूर्ण झालं, म्हणजे ट्रेड कुठे अडकला हे शोधायला आता एकच दिवस मिळतो.

आणि मेसेजचा अर्थ कोण जुळवणार? १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल ह्या अमेरिकन ट्रेडिंग कंपनीत ऑर्डरमधला एक जुना फ्लॅग नव्या कामासाठी वापरला, आठपैकी एका सर्व्हरवर जुना कोड राहून गेला, त्याने फ्लॅगचा जुनाच अर्थ घेतला. साधारण ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरच्या वर गेले. मेसेज सगळे व्यवस्थित पोचत होते हो.

काफ्का वाईट आहे असं मी म्हणत नाही. रिस्क टीमला कालचा दिवस पुन्हा चालवून बघायचा असेल तर मस्त चालतं, आणि एमक्यूचं लायसन महाग पडतं ही तक्रारही खरी. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी आलंय, एमक्यू गेलं नाही, मधे दोघांतले मेसेज इकडून तिकडे नेणारा ब्रिज बसलाय. ह्या आठवड्यात त्या ब्रिजचा ऑन-कॉल (बिघडला की धावायची पाळी) माझ्याकडे आहे, तेव्हा रविवारच्या मिसळीला लॅपटॉप घेऊनच येतो.