पाटा वाढवू म्हणणाऱ्यांनो, गाडीत काय भरतो ते तरी विचारा

पंधरा दिवस झाले, डोकं नुसतं तापलंय. पिकअपचे मागचे पाटे, म्हणजे गाडीचं ओझं आणि दणके झेलणाऱ्या एकावर एक रचलेल्या स्प्रिंगच्या पट्ट्या, बदलायचे, एवढंच काम. त्यासाठी सांगलीचा शंभर फुटी रोड पालथा घातला, मिरजेला जाऊन आलो, इस्लामपूरच्या ओळखीच्या मिस्त्रीला फोन केला. जवळपास सगळीकडं एकच उत्तर. "दादा, एक पाटा वाढवून टाकू, परत बघायचं काम नाही." अरे, पण गाडीत भरतो काय ते तरी विचार की! वजन किती, रस्ता कुठला, रिकामी किती पळते, भरून किती पळते, एक प्रश्न नाही. गाडी गॅरेजच्या दारात वळायच्या आधीच ह्यांच्या डोक्यात पाटा वाढलेला असतो.

गाडी 2008 ची, आबांनी घेतलेली. 2019 च्या महापुरात सांगलीवाडीला मेव्हण्याच्या दारात उभी होती ती पाण्यात गेली, तेव्हापासून पाट्यांच्या मधे गंज धरला. इंजिन मात्र ठणठणीत आहे, विकायचा विषयच नाही. ह्या फेब्रुवारीत, ऐन हंगामात, कुमठे फाट्याच्या अलीकडं उजवीकडचा मेन, म्हणजे सगळ्यात लांब पाटा गेला. सगळे पाटे मधोमध एकत्र धरतो त्या सेंटर बोल्टच्या बरोबर भोकात. तुकडा हातात घेऊन बघितला तर तुटलेल्या तोंडाचा निम्मा भाग काळपट, गंजलेला आणि निम्मा नव्या रुपयासारखा चकचकीत. म्हणजे तडा कधीचाच गेला होता, उरलेल्या अर्ध्या पाट्यावर गाडी ओझं ओढत होती. भोकापाशी पाटा तुटतो तो बहुतेक वेळा यू बोल्ट ढिले पडल्यामुळं. बोल्ट घट्ट असले की पाट्याचा मधला भाग ॲक्सलला, म्हणजे चाकांच्या दांड्याला, आवळून बसतो, वाकतच नाही. ढिले पडले की नेमका तिथंच, भोक पाडून जिथं पाटा कमजोर झालेला असतो तिथंच, तो वाकायला लागतो. गेल्या वर्षी पाट्याच्या टोकांचे बुश बदलताना गॅरेजवाल्यानं जुनेच यू बोल्ट परत चढवले होते. ते नवे घालायचे असतात आणि गाडी थोडी पळली की पुन्हा आवळायचे असतात. "आठवड्यानं या, आवळून देतो," एवढं सांगायला तोंड दुखत होतं का?

हंगाम कुणासाठी थांबत नाही, म्हणून गाडी पुन्हा त्याच्याकडंच लावली. संध्याकाळी गेलो तर दोन्ही बाजूंना जाड पाट्यांचा सेट, वर एक पाटा जादा. मला न विचारता! "आता दोन टन टाका दादा, हलायची नाही." मला दोन टन टाकायचेच नाहीत. मी द्राक्षं नेतो, द्राक्षं!

दुसऱ्या दिवशी 20 किलोचे 40 क्रेट भरले, म्हणजे 800 किलो. कवठे एकंदपासून माधवनगरपर्यंत मागचा हौदा असा आदळत होता की प्रत्येक खड्ड्याला माझे दात एकमेकांवर वाजत होते. माल उतरवताना खालच्या थरातला क्रेट उचलला आणि पोटात गोळा आला. तळाला ओंजळभर मणी सुटून पडलेले, त्यातले काही फुटलेले, खालचा कागद रसानं चिकट झालेला. व्यापाऱ्यानं बोटानं कागद उचलून मला दाखवला आणि भाव पाडला. मी काय बोलणार? छाटणीपासून डावणी-भुरीसारखे रोग, अवकाळी सगळ्यातनं बाग वाचवायची, औषधाच्या दुकानात उधारी करायची, आणि शेवटच्या तासाभराच्या रस्त्यात एका लोखंडाच्या पट्टीपायी माल हलका ठरायचा. रात्री जेवण गेलं नाही मला.

मग मापं मीच घेतली. तुटलेला पाटा तारेच्या ब्रशनं घासला. रुंदी 60 मिलिमीटर. गंजानं खाल्लं नव्हतं तिथली जाडी 7. गॅरेजवाल्यानं घातलेला 8. विचारलं तर म्हणतो, "एका मिलिमीटरनं काय होतंय दादा?" काय होतंय ते ऐक. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनानं वाढतो. 7 चा घन 343, 8 चा 512. लांबी-रुंदी तीच ठेवली तरी एका मिलिमीटरनं पाटा जवळजवळ दीडपट कडक झाला! आणि सगळा सेटच तसला, त्यावर आणखी एक. 800 किलोला गाडी दबतच नाही, मग खड्ड्याचा दणका खाणार कोण? क्रेट खाणार. चॅसिस खाणार. पाटे जिथं अडकवलेत ते ब्रॅकेट खाणार, आणि उद्या तिथं तडा गेला की हाच माणूस वेल्डिंगचं बिल लावणार.

मापं कागदावर लिहून दुकानं फिरलो. रुंदी, जाडी, पाटे किती, दोन्ही डोळ्यांमधलं, म्हणजे टोकाच्या गोल भोकांमधलं अंतर, सेंटर बोल्टपासून पुढचं टोक किती, मागचं किती, सगळं. पहिल्या काउंटरवर कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. "पिकअपचा ना? हा घ्या." पाट्यावर स्टिकर, स्टिकरवर गाडीचं नाव, बस्स. जाडी नाही, कमान किती ते नाही, किती वजनाला आहे ते नाही. टेप लावला तर म्हणाला, आम्ही वीस वर्षं पाटे विकतोय. विक की बाबा, पण मोजून विक! टेप लावला म्हणून तर कळलं, डोळ्यांमधलं अंतर बरोबर होतं, पण सेंटरचं भोक दोन बोटं मागं. पाटा बसला असता झटक्यात. ॲक्सल मात्र दोन बोटं मागं सरकलं असतं, त्याच्याबरोबर चाक, त्याच्याबरोबर इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणारा प्रोपेलर शाफ्ट. बसतो म्हणजे चालतो असं नसतं.

दुसऱ्यानं तर एकाच बाजूचा बदला म्हणून सांगितलं. एका बाजूला नवा ताठ पाटा आणि दुसऱ्या बाजूला इतकी वर्षं दबलेला, गाडी कलंडत पळवायची काय? तिसरा म्हणाला, जुनेच भट्टीत घालून कमान मारून देतो, निम्म्या पैशांत. स्प्रिंगचं पोलाद लाल केलं की त्याचं मूळ पाणी जातं. ते पुन्हा तेलात विझवून कडक करायचं, मग ठरलेल्या उष्णतेला पुन्हा तापवून टेंपर करायचं, तेव्हा ते लवचीक होतं. नुसतं तापवून घणानं वाकवलं तर कमान दिसते छान, आणि चार खेपांत परत बसते, नाहीतर मोडते.

आणि हा जो "दोन टन टाका" वाला आहे ना, त्याच्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे. पाटे वाढवल्यानं आरसीवरचं वजन वाढत नाही. बेअरिंग तेच, ब्रेक तेच, टायर तेच. पकडलं की 20,000 रुपये दंड, वर जादा टनाला 2,000, तो मी भरायचा. बऱ्याच गाड्यांना मागं ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह असतो, ॲक्सलला दांडीनं जोडलेला. गाडी किती दबली त्यावर तो मागच्या ब्रेकला दाब किती द्यायचा ते ठरवतो. पाटे वाढवून गाडी उचलून धरली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, मग भरल्या गाडीला मागचा ब्रेक कमी लागतो. एवढं जिवावरचं प्रकरण, आणि हे "बघायचं काम नाही" म्हणून मोकळे! त्या गाडीत माणूस बसतो, त्याची पोरं घरी वाट बघतात.

माझी मागणी काय आभाळाएवढी आहे का? कंपनीनं जसे दिले होते तसे पाटे द्या. मापानं द्या. वाढवायचा असेल तर आधी विचारा. वाळू-विटा नेणाऱ्याला वाढवून लागत असतील, त्याचं त्यानं बघावं. हळदीची पोती नेणारा वेगळा, बेदाण्याचे बॉक्स नेणारा वेगळा, द्राक्ष नेणारा वेगळा. सांगली जिल्ह्यात राहून द्राक्षवाल्याची गाडी ओळखू येत नसेल तर गॅरेज कशाला उघडलंय?

शेवटी मिरजेत एक म्हातारे मिस्त्री भेटले. त्यांनी कागद घेतला, चष्मा लावला आणि पहिला प्रश्न केला, "नेता काय?" तिथंच ऑर्डर दिली. दोन्ही बाजूंचा 7 मिलिमीटरचा सेट, यू बोल्ट, सेंटर बोल्ट, बुश सगळं नवं. गुरुवारी गाडी लावणार आहे आणि बसवून होईपर्यंत तिथनं हलणार नाही. काढलेले आठचे पाटे परत पिकअपमधेच टाकणार, आणि येताना त्या गॅरेजच्या दारात उतरवणार.