रोलर खडखडतोय म्हणून स्प्रिंग कडक? खुलासा
"झुलत्या आर्मचा रोलर कॅमवर खडखडला की स्प्रिंग कडक करा" हा फिरणारा सल्ला अर्धाच खरा. कॅम म्हणजे शाफ्टवर फिरणारी खास आकाराची चकती; तिच्या कडेवर टेकलेला रोलर आर्मला झुलवतो आणि स्प्रिंग त्याला कॅमवर दाबून धरते. वेग 300 वरून 420 आरपीएम केला की जडत्वाचं बल जवळपास दुप्पट होतं, रोलर उडतो. तिथे कडक स्प्रिंग चालते. पण तोच जादा दाब कमी वेगातही कॅमवर राहतो आणि पृष्ठभागाला बारीक खड्डे पडतात.

आधी शाफ्ट घट्ट धरून, डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं मापक) लावून कॅम हाताने हलवा. काटा हलला तर कीवेत (कॅमला शाफ्टशी जखडणाऱ्या चावीच्या खाचेत) ढिलाई आहे. तिथे स्प्रिंग काय करणार? कॅमचा प्रोफाइल, म्हणजे कडेचा आकार, पॅराबोलिक (आधी एकसमान त्वरण, मग एकसमान मंदन देणारा) असेल तर त्वरण झटक्यात बदलतं, त्यानेही खडखड होते. सायक्लॉइडल (त्वरण हळूहळू चढवणारा-उतरवणारा) प्रोफाइल मऊ चालतो, मात्र त्याचं कमाल त्वरण पॅराबोलिकच्या सुमारे दीडपट. आर्मचं नेमकं आंदोलन हवं असेल तर स्प्रिंग काढून जोडकॅम (एकाच शाफ्टवरचे जोडीचे दोन कॅम) आणि दोन रोलरच बसवावेत.