तात्याचा रिपोर्ट आणि शनिवारची पोपटी

"यंदा मला पोपटीत धरू नका," कट्ट्यावर टेकता टेकताच तात्याने सांगून टाकलं आणि शर्टाच्या खिशातला घडी घातलेला कागद मास्तरांपुढे धरला. एकूण कोलेस्टेरॉल 228, एलडीएल (वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल) 152, एचडीएल (चांगलं म्हणतात ते) 36, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 200. खाली डॉक्टरांच्या अक्षरात रोज एक गोळी आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्ततपासणी.

पोपटी, म्हणजे मडक्यात शेंगा, अंडी, कोंबडी भरून शेतातल्या जाळात भाजायचा बेत, शनिवारची ठरलेली. आमच्या पेण-अलिबागकडे जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्या की भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात एखाद्या रात्री मडकं लागतंच. आणि मडकं भरण्यात तात्याचा हात धरणारा आमच्यात कुणी नाही. त्यामुळे हा विषय एकट्या तात्याच्या तब्येतीचा राहिला नाही.

बाळ्या उसळलाच. "तात्या, तुम्ही नाही तर मडकं भरणार कोण? एक दिवस खाल्लंत तर काय होतंय?"

"एक दिवस, एक दिवस करूनच 152 झालंय ना," तात्या म्हणाला. "पोपटीत असतं काय? अंडी आणि कोंबडी. दोन्ही बंद."

समोरच्या मेडिकलचा मालक संध्याकाळी दुकान पोरावर सोपवून चहाला कट्ट्यावर येतो. आम्ही त्याला मेडिकलच म्हणतो. त्याने कागद मागून घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "अंडं बंद असं डॉक्टर म्हणाले?"

"तेलकट-तुपकट कमी करा म्हणाले. अंडं त्यातच आलं की."

"नाही आलं. एका बलकात पावणेदोनशे ते दोनशे मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं हे खरं. पण तुझ्या रक्तात जे फिरतंय त्यातलं बरंचसं तुझं यकृतच तयार करतं. एलडीएल चढवायचं मोठं काम करते ती संपृक्त चरबी. तूप, लोणी, खोबरेल, पामतेल, मटणाची चरबी. यकृताला दारं आहेत असं समज. रक्तातले एलडीएलचे कण त्या दारांतून आत जातात आणि तिथे त्यांचा निकाल लागतो. संपृक्त चरबी रोज जास्त गेली की दारं कमी होतात आणि कण रक्तातच फिरत राहतात. ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोघांनी ही दारं शोधली, त्याबद्दल 1985 चं नोबेल मिळालं त्यांना. आणि तुझी गोळी बरोबर उलटं करते. यकृतातलं उत्पादन कमी करते, मग यकृत रक्तातून ओढून घ्यायला जास्त दारं उघडतं."

तात्या ऐकत होता, पण पटल्यासारखा दिसत नव्हता. मेडिकलने मग आकडेच ठेवले. एका अंड्यात संपृक्त चरबी दीड ग्रॅमच्या आसपास. पोहे खायच्या चमच्याने नव्हे, मोठ्या चमच्याने घेतलेल्या तुपात आठ-नऊ ग्रॅम. एलडीएल चढलेल्या माणसाने दिवसाच्या उष्मांकांपैकी सहा टक्क्यांच्या आत संपृक्त चरबी ठेवावी असं अमेरिकन हार्ट असोसिएशन सांगते, म्हणजे 2000 कॅलरी खाणाऱ्याला 13 ग्रॅम. "आता तूच सांग, तुझं बजेट अंड्याने खाल्लं की आणखी कशाने?"

इथे मास्तर तुपाच्या बाजूने उभे राहिले, आणि मास्तर उभे राहिले की सहजासहजी बसत नाहीत. "माझे आजोबा नव्वद वर्षं जगले. रोज भातावर तुपाची धार. दवाखान्याची पायरी चढले नाहीत. तुपाला नावं ठेवायची फॅशन आली आहे."

मला हा मुद्दा दरवेळी खटकतो आणि त्या दिवशीही मी बोललोच. नव्वदी गाठलेले आजोबा घराघरात आठवणीत राहतात. पन्नाशीत छातीला हात लावून बसले ते उठलेच नाहीत, अशीही माणसं त्याच गावात होती, पण त्यांच्याबद्दल 'बाहेरचं काही झालं असेल' म्हणून लोक गप्प बसले. मोजलं कुणीच नव्हतं. शिवाय मास्तरांचे आजोबा मिठागरावर दिवसभर राबायचे. आम्ही स्टेशनलासुद्धा रिक्षाने जातो.

"राबायचे हे कबूल," मास्तर म्हणाले. "पण भाकरीवर चमचाभर तूप घेणाऱ्याला घाबरवायचं आणि त्याच माणसाने रोज संध्याकाळी चहात खारी बुडवायची, याला काय अर्थ?"

सगळ्यांच्या नजरा तात्याच्या हाताकडे गेल्या. खारी होती. मास्तरांचा मुद्दा बिनतोड आहे. खारीचे ते पापुद्रे सुटतात ते थरांमध्ये भरलेल्या घट्ट चरबीमुळे, आणि बहुतेक बेकऱ्यांत ती वनस्पती तूप किंवा मार्गारिन असते. 2022 च्या जानेवारीपासून आपल्याकडे तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या घातक चरबीवर, दोन टक्क्यांची मर्यादा आली, ही मोठीच गोष्ट झाली, पण ट्रान्स फॅट गेलं म्हणून पामतेलातली संपृक्त चरबी कुठे जात नाही. मेडिकलनेही मास्तरांना अर्धं मान्य केलं. चमचाभर तूप 13 ग्रॅमच्या हिशोबात बसतं, फक्त त्याच दिवशी ओल्या नारळाचं वाटण, चरबीचं मटण आणि खारी बसत नाही. आमच्या कोकणातल्या घरात हे चारही एका रविवारी सहज जमतात, आणि खरी अडचण तिथेच आहे असं मला वाटतं.

तेवढ्यात बाळ्याने शनिवारचा त्याचा बेत सांगितला. तो दर महिन्याला मुंबईच्या पोरांना घेऊन किल्ल्यांवर जातो, पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी अंगणात रात्री चूल मांडतो. त्याचं म्हणणं, नुसत्या शेंगांनी कुणाचं पोट भरत नाही. पोपटी शास्त्रापुरती करू, बाजूला जाळावर जाळी टाकून बटर लावलेली तंगडी भाजू, आणि मोठ्या पातेल्यात मटण. "थंडीत शेकोटीपुढे माणूस दुप्पट खातो तात्या. आमच्या खिचडीला तर वरून अर्धा किलो तूप लागतं."

"का लागतं?" तात्याने विचारलं.

"लागतं म्हणजे... नाहीतर खाली धरते ना खिचडी."

तात्याने खारी खाली ठेवली. "धरते कारण तुम्ही जाळावर शिजवता. लाकूड भडाभडा पेटलं की तुम्हाला वाटतं स्वयंपाक झपाट्याने होईल. पातेल्याचं बूड तापतं, वरचा तांदूळ कच्चा. खाली लागलं की तुम्ही तेल ओतता, पुन्हा लागलं की तूप. चव जळक्याची आणि तवंग बोटभर. अरे, जाळ पाणी उकळायला. शिजवायचं निखाऱ्यावर. आधी तासभर लाकूड जळू द्यायचं, निखारे पुढे ओढून घ्यायचे, त्यावर पातेलं, झाकणावर पाणी. मग दहा माणसांच्या खिचडीला फोडणीपुरतं तेल पुरतं."

हे मी लिहून ठेवावं असं वाटलं, कारण आहाराच्या सल्ल्यांत हे कुठे येत नाही. तेल कमी घाला असं सगळे सांगतात. कमी तेलात अन्न लागू नये म्हणून आच कशी ठेवायची, हे चुलीपुढे बसलेल्या माणसालाच विचारावं लागतं.

तात्या आता थांबणार नव्हता. जाळीवरच्या तंगडीलाही त्याचा विरोध होता. लोणी आणि चरबी निखाऱ्यावर ठिबकते, भडका उडतो, काजळी मांसावर बसते. ती काळी साल कुरकुरीत लागते म्हणून पोरं आवडीने खातात. मेडिकलने मान डोलावली. अशा करपण्यात आणि त्या धुरात कर्करोगाशी नातं असलेली द्रव्यं तयार होतात. धुराचं तर हृदयाशीही वैर आहे, लाकडाच्या धुरातले बारीक कण फुप्फुसातून पुढे रक्तवाहिन्यांना त्रास देतात. म्हणून शेकोटीजवळ वारा जिकडून येतो त्या बाजूला बसावं.

"आणि पोपटीत काय होतं?" तात्याने स्वतःच विचारलं आणि स्वतःच सांगायला लागला. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा, म्हणजे शेताकडेला उगवणाऱ्या वासाच्या रानझुडपाचा पाला. त्यावर वालाच्या शेंगा, ओवा आणि जाडं मीठ चोळून. मधे कांदे, बटाटे, रताळी, मिळालं तर कोनफळ. कोंबडीचे तुकडे आलं, लसूण, मिरची, हळद लावून केळीच्या पानात बांधायचे. अंडी शेंगांच्या मधोमध, फुटणार नाहीत अशी. पुन्हा शेंगा, पुन्हा पाला, तोंड पाल्याने गच्च बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती गवत, पालापाचोळा, लाकडं रचून पेटवायचं. पाणी एक थेंब नाही. पाला आणि शेंगा स्वतःच्या ओलाव्यावर शिजतात. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचा हबका मारायचा. चर्र करून पाणी लगेच उडालं की झालं.

"तेल किती, तात्या?" मी विचारलं.

"तेल कशाला लागतंय पोपटीला?"

मेडिकल नुसता हसला. तात्याच्या लक्षात आलं, पण तो लगेच हार मानणारा नाही. "म्हणजे मी खाल्लं तरी चालेल असं म्हणतोस?"

"कोंबडी कातडं काढून आण, चरबी बरीचशी कातड्याखालीच असते. अंडं एक खा. शेंगा हव्या तेवढ्या खा. वाल हे कडधान्य आहे तात्या. कडधान्यांत, ओट्समध्ये, जवात जे विरघळणारे तंतू असतात, ते आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतात. नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. असे पाच-दहा ग्रॅम तंतू रोज पोटात गेले तर एलडीएल पाचेक टक्के उतरतं. पण रोज म्हणजे रोज. शनिवारी पोपटी खाल्ली म्हणून मंगळवारी रिपोर्ट सुधारत नाही."

बाळ्याला किल्ल्यावरच्या जेवणाचा प्रश्न तसाच राहिला होता. त्याचं म्हणणं, कडधान्य भिजवा, शिजवा, एवढा वेळ नसतो. त्यावर मास्तरांनीच उपाय दिला, आणि तो मला सगळ्यात आवडला. कुळथाचं पीठ. भाजून दळलेलं असतं, वजनाला हलकं, पाण्यात कालवून फोडणीत ओतलं की दहा मिनिटांत पिठी तयार, गरम भाताबरोबर किंवा नाचणीच्या भाकरीबरोबर रात्रभर अंगात ऊब. चवळी हवी असेल तर सकाळी निघतानाच डब्यात भिजत घालायची, मुक्कामाला पोहोचेपर्यंत फुगते. वांगी निखाऱ्यात खुपसून भरीत. खायला हाताशी भाजलेले शेंगदाणे. नूडल्सचं पाकीट मागून वाचलं तर पामतेल दिसेल, ते तळलेलेच असतात. आणि किल्ल्यावर माथ्यावर चूल नकोच, यावर कट्ट्याचं एकमत झालं. जानेवारीनंतर गवत वाळलेलं असतं, एका ठिणगीने डोंगर जातो. राखीव जंगलात आग पेटवणं 1927 च्या वन कायद्याने गुन्हाच आहे. शेकोटी करायची तर पायथ्याच्या अंगणात किंवा आपल्या शेतात, कडेचं गवत साफ करून, पाण्याची घागर शेजारी ठेवून.

सगळं जमून येतंय असं वाटत असतानाच तात्या म्हणाला, "असंच खात राहिलो तर मग गोळी कशाला? लसूण खातो उपाशीपोटी. शेजारच्याचं उतरलं म्हणे."

मेडिकलचा आवाज त्या संध्याकाळी पहिल्यांदा चढला. "गोळी मी विकतो म्हणून सांगत नाही. तुला बीपी आहे, एचडीएल कमी आहे, तंबाखू सुटून वर्षच होतंय. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2024 मध्ये आपल्या लोकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात साध्या, कमी धोक्याच्या माणसालासुद्धा एलडीएल 100 च्या खाली सांगितलंय. धोका जास्त असेल तर 70 च्या खाली. तू 152 वर आहेस. पथ्याने उतरेल, पण तेवढं नाही उतरणार. लसूण पोपटीत घाल. गोळी बंद करायची की नाही हे तीन महिन्यांनी डॉक्टर सांगतील, शेजारी नाही."

मास्तर लसणाच्या बाजूने काही बोलतील असं वाटलं, पण बोलले नाहीत. त्यांच्या मोठ्या भावाने अशीच गोळी स्वतःहून सोडली होती. ते पुढचं आम्हाला माहीत आहे.

मग मेडिकल बाळ्याकडे वळला. "तू कधी तपासलंयस?"

"मी? सव्वीस वर्षांचा आहे मी. महिन्याला एक किल्ला चढतो. पोट दाखवा माझं."

"वडील किती वर्षांचे होते?"

बाळ्या गप्प झाला. त्याचे वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले, झोपेत, हृदयविकाराने. तेही सडसडीत होते.

मेडिकलने समजावून सांगितलं, या वेळी हळू आवाजात. काही घरांत एलडीएल जन्मापासूनच चढलेलं असतं, साधारण अडीचशे माणसांत एकाला. त्यात खाण्याचा दोष नसतो, किल्ले चढून ते उतरत नाही आणि अंगकाठीवरून कळत नाही. लिपोप्रोटीन (ए) नावाचा आणखी एक कण आहे, तोही वारशाने येतो आणि आपल्या उपखंडातल्या लोकांत जास्त आढळतो. त्याच सूचनांत म्हटलंय की पहिली तपासणी अठराव्या वर्षीच करावी आणि हा कण आयुष्यात एकदा तरी मोजावा. पहिल्या तपासणीला उपाशीपोटी जायचीही गरज नाही.

तात्याने रिपोर्ट घडी करून खिशात ठेवला. "कोंबडी मी आणतो, कातडं काढलेली. शेंगा मास्तरांच्या शेतातल्या. भांबुर्डा बाळ्या आणेल, पण फुललेला नको, कोवळा आण. मटणाचं पातेलं नाही, बटर नाही."

"आणि तूप?" मास्तरांनी विचारलं.

"भाकरीवर घ्या हवं तर. चमचा मी देईन, धार नाही."

"मी पोपटी झाली की रक्त देऊन येतो," बाळ्या म्हणाला.

"उद्या सकाळी," तात्या म्हणाला. "मी येतो बरोबर. नऊ वाजता दुकानापाशी उभा राहा."