अकरा किलो कुणी खाल्लं?

बेळगावातल्या दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या आमच्या कट्ट्याची एक सोय आहे. गेट पडलं की कुणाला उठून जाता येत नाही, त्यामुळं वाद अर्धवट सोडून पळायची पंचाईत. सीमाप्रश्नावर बोलायचं नाही असा आमचा ठराव आहे (तीनदा मोडलाय), म्हणून विषय बाहेरून आणावा लागतो. रविवारी तो परश्यानं डब्यातनं आणला.

त्याची पुण्याची ताई आणि दाजी युरोप टूर करून आले होते आणि तिथनं चार दिवस इकडं राहायला. सोबत स्वित्झर्लंडची चॉकलेटं. परश्यानं झाकण काढलं आणि त्याचं तोंडच उतरलं. प्रत्येक वडीवर पांढरट राप चढलेला, ओल आलेल्या भिंतीसारखा.

"बुरशी आलीया की गा."

"बुरशी न्हवं ती," सर म्हणाले. सर म्हणजे निवृत्त विज्ञान शिक्षक, आमच्यातले निम्मे त्यांच्या हातचा मार खाल्लेले. "कोकोचं लोणी हाय ते. चौतीस अंशाच्या आसपास वितळतंय, म्हणून तर तोंडात विरघळतंय. पुण्यासनं गाडीच्या डिकीत आलं असणार. वाटेत वितळलं, रात्री परत गोठलं, लोणी वर आलं. खावा, कायबी होत नाही."

खाल्लं. आधी खडू चावल्यागत लागलं, मग विरघळलं आणि सगळे गप्प झाले. सरांनी एक वडी रुमालात बांधून ठेवली, नातीसाठी असावी.

तोंड रिकामं झाल्यावर परश्यानं दाजींकडनं ऐकलेलं सांगितलं. "तिथला माणूस वर्षाला अकरा किलो चॉकलेट खातोय. माणशी! आपल्यात किलोभर तरी खातोय काय कोण?"

"खातोय म्हणून कोण सांगितलं?" बसू म्हणाला. "विकलंय म्हण."

बसूचं खडेबाजारात कापडाचं दुकान आहे. घरी कन्नड, गल्ल्यावर मराठी आणि हिशेबात कुणाचीच भाषा नाही, नुसते आकडे. "लगीनसराईत माझ्या दुकानातनं जेवढ्या साड्या जातात, तेवढ्या बेळगावातल्या बायकांवर वाटून बघ. एकेकीला कपाट पुरायचं नाही. चंदगड, सावंतवाडी, गोवा, सगळीकडनं लोक बस्ता बांधायला इथं येतात. साडी इथं खपली म्हणून ती इथलीच बाई नेसली काय? तुझ्या दाजींनी घेतलेला डबासुद्धा तिथल्याच कुणाच्या तरी नावावर पडलाय. त्या बिचाऱ्यानं चाखलापण नाही."

परश्याला हे पटेना. आकडे काढणारे लोक एवढे खुळे असतात काय, हा त्याचा मुद्दा. मग बसूनं फोन काढला. तिकडच्या चॉकलेटवाल्यांची संघटना दरवर्षी हिशेब मांडते, आणि पर्यटकांची, सीमेपलीकडनं कामाला येणाऱ्यांची खरेदी त्यातच धरलेली असते, हे ती स्वतःच सांगते. 2020 साली, कोरोनात, हा माणशी आकडा 10 किलोच्या खाली घसरला. 1982 नंतर पहिल्यांदाच. त्या वर्षी स्विस माणूस घरातच होता, त्यानं उलट जास्त खाल्लं असणार. नव्हते ते परश्याचे दाजी.

हा पुरावा मला बिनतोड वाटला. गेट पडलं.

गाडी जाईपर्यंत परश्यानं पवित्रा बदलला होता. पर्यटक काही उगाच घेत नाहीत, तिथलं ते तिथलंच, त्या मातीचा गुण असतो म्हणाला.

"मातीचा? तिथं कोको पिकतोय?" सर एकदम वर्गात शिरले. "विषुववृत्ताच्या वर-खाली वीस अंशांत, दमट उष्ण हवेत येणारं झाड ते. आल्प्समध्ये कुठनं येणार? तू मे महिन्यात उटीला जाऊन होममेड चॉकलेट आणतोस, ते तरी उटीत पिकतंय काय? सव्वादोन हजार मीटरवर? गारव्याला वडी नीट धरते, एवढंच. आणि दुबईचं ते पिस्त्याचं चॉकलेट? वाळवंटात ना कोको, ना पिस्ता."

(दुबईचं मी खाल्लंय. आतली कुनाफा म्हणजे तुपात परतलेल्या शेवया. पहिला घास झकास, तिसऱ्याला पाणी मागावं लागतं. त्यासाठी लोक विमानतळावर रांग लावतात, 2025 साली जगभर पिस्त्याचे भाव चढले, हे मला अजून झेपत नाही.)

पण सर एकतर्फी बोलणारे नव्हेत. चॉकलेटात दूध घालायचं जमवलं ते स्विसांनीच, डानिएल पीटर नावाच्या माणसानं, 1875 मध्ये, असं त्यांनीच सांगितलं. दूध त्यांचं, घोटायचं कसब त्यांचं. "आपल्या बेळगावच्या कुंद्यात तरी दुसरं काय असतंय? दूध, साखर आणि आटवणाऱ्याचा हात."

कोको बघायला आपल्याला लांब जायला नको, असं मी म्हणालो. धर्मस्थळ-सुब्रमण्याला आपल्याकडनं दरवर्षी गाड्या भरून जातात, तिकडंच जवळ पुत्तूर आहे. तिथं एका सुपारीच्या बागेत मी ते झाड पाहिलंय. फळ फांदीला नाही, थेट खोडाला लटकतं, फणसासारखं, पिकलं की पिवळंधमक. मालकानं कोयत्यानं फोडून दिलं. आत पांढरा गर, सीताफळाच्या बियांभोवती असतो तसा, आंबटगोड. बी चावली तर जांभळी आणि कडूजहर. चॉकलेटचा वासही नाही. तो नंतर येतो, बिया आंबवल्या, वाळवल्या, भाजल्या की. कॅम्पको या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा चॉकलेटचा कारखाना 1986 पासून त्याच गावात आहे.

"मग तिथनं काय आणलास?" बसूनं विचारलं.

प्रसाद आणि सुपारी. खरं ते सांगितलं.

यावर हसणं झालं, पण सरांचा रोख वेगळीकडं होता. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतला. पाऊसपाणी बिघडलं, झाडांना रोग पडला, आणि डिसेंबर 2024 मध्ये बाजारात टनाला 12,000 डॉलरच्या वर भाव गेला. म्हणजे किलोला बारा डॉलर. त्याच हंगामात आयव्हरी कोस्टच्या सरकारनं शेतकऱ्याला ठरवून दिलेला दर होता किलोला 1,800 फ्रँक. त्यांचे फ्रँक, स्विस नव्हेत. तीन डॉलरच्या आसपास.

परश्याचा हुक्केरीकडं दोन एकर ऊस आहे. तो इतका वेळ डब्याशी खेळत होता, तो थांबला.

"म्हणजे दर सरकारनं बांधायचा आणि भाव दुसऱ्यानं खायचा."

"गुर्लापूरला 2025 च्या नोव्हेंबरात ऊसवाले रस्त्यावर बसले होते ते कशासाठी? टनाला 3,500 रुपयांसाठीच न्हवं?" सर म्हणाले.

"मी होतो की तिथं. दोन रात्री."

त्यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग बसू, समजूत घातल्यासारखा, म्हणाला की बाजार पडला तर बांधलेला दर शेतकऱ्याला सांभाळतोसुद्धा. परश्या म्हणाला, सांभाळतोय ते माहीत आहे, किती सांभाळतोय तेवढं विचार. हे भांडण अकरा किलोपेक्षा मोठं होतं आणि चहा थंड झाला होता.

तेवढ्यात परश्याचा फोन वाजला. ताई. उद्या पहाटे निघायचंय, शेजारी, ऑफिस, सासूबाई, सगळ्यांना कुंदा पाहिजे, दोन किलो आणून ठेव.

"घ्या," बसू म्हणाला, "दोन किलो खाल्लं बेळगावकरांनी."

परश्यानं गाडीला किक मारली. "दोन न्हवं, अडीच आणतो. अर्धा इकडंच लागतोय."

गेट परत पडत होतं, तो खालनं निसटला.