अठरा, शून्य शून्य

रात्री नऊला मी गेम लावला. साडेअकराला भाचा पाणी प्यायला उठला, तेव्हा पडद्यावर माझा योद्धा होता तिथेच उभा होता. मधूनच मान वळवायचा, मधूनच या पायावरचं वजन त्या पायावर टाकायचा. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त कंटाळा आलेला दिसत होता.

"मामा, तू अजून सुरूच नाही केलंस?"

"केलंय की. बुद्धी किती ठेवायची ते ठरवतोय."

"कुणाची?" एवढं विचारून तो झोपायला गेला. हल्लीची पोरं.

ज्यांनी असले गेम कधी खेळले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. राक्षस वगैरे मारायच्या आधी आपण कोण आहोत ते आकड्यांत लिहून द्यावं लागतं. सहा रकाने असतात: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. हे १९७४ पासून चालत आलंय. त्या साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला, कागद-पेन्सिलीवर खेळायचा. तीन फासे टाकायचे आणि बेरीज रकान्यात लिहायची. म्हणून कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १८. पुढे संगणक आले, पडदे रंगीत झाले, राक्षसांच्या अंगावरचे केसही मोजता येऊ लागले, पण बऱ्याच गेममध्ये हे सहा रकाने काही हलले नाहीत.

ताकदीवर तलवार किती जोरात बसते आणि पाठीवर किती ओझं पेलतं ते ठरतं. चपळाई म्हणजे बाण मारणं, वार चुकवणं, कुलपं उघडणं आणि दुसऱ्याच्या खिशात हात घालणं. (हे शेवटचं लक्षात ठेवा.) काटकपणावर मरायला किती वेळ लागतो ते ठरतं. छाप म्हणजे आपण तोंड उघडल्यावर समोरचा ऐकून घेतो की तलवार काढतो.

बुद्धी आणि शहाणपण हे दोन वेगळे रकाने का, हा प्रश्न मला कित्येक वर्षं पडला होता. एका अंधाऱ्या भुयारात उत्तर मिळालं. कुलूप कोणत्या राजाच्या काळातलं, त्यावरची अक्षरं कोणत्या लिपीतली हे सांगते ती बुद्धी. दार मुळात उघडंच आहे का ते आधी ढकलून बघतं ते शहाणपण. माझ्या मांत्रिकाची बुद्धी १८ होती. त्या दारापुढे आम्ही वीस मिनिटं काढली.

पण खरा घाव जुना आहे. 'बाल्डर्स गेट' या गेमचा दुसरा भाग, साल २०००. तिथे फासे संगणक टाकायचा आणि नाही आवडले तर पुन्हा टाकायचं बटण होतं. कितीही वेळा दाबा. माणसाच्या हातात असलं बटण देणं हा गुन्हा आहे. मी ते अख्खी संध्याकाळ दाबलं. आकडे आले की मनातल्या मनात सहांची बेरीज करायची, तोंड वाकडं करायचं, की पुन्हा टक्. चांगले आकडे जपून ठेवायचंही बटण होतं, पण हाताला एकदा लय सापडली की तो विचारत नाही.

त्या जुन्या नियमांत योद्ध्याची ताकद १८ आली की तिच्यापुढे तिरकी रेघ मारून आणखी एक आकडा यायचा, ०१ पासून. १८/२०, १८/७१, असं. हा आकडा जितका मोठा तितका योद्धा तगडा, एवढं मला माहीत होतं. तासाभराने बाकीचे पाचही रकाने झकास जमले आणि ताकदीत आलं १८/००.

शून्य शून्य. म्हणजे काहीच नाही. सगळं जमून आलं आणि नेमकं इथे माशी शिंकली, असं म्हणून मी बटण दाबलं.

००चा अर्थ शंभर होतो. शंभरातून एकदाच यायचा आकडा तो, त्याच्या वर माणसाला जागाच नाही. हे मला तीन दिवसांनी कळलं, तेही जेवता जेवता एका मित्राकडून, आणि तो हसून हसून ठसका लागेपर्यंत हसला. तोवर मी १८/३४ वर समाधान मानून पुढे निघालो होतो. १८/०० असता तर प्रत्येक वाराला ६ जास्तीचे मिळाले असते. मला ३ मिळत होते. पुढचा अख्खा गेम मी दर वाराला ते उरलेले ३ मोजत होतो.

शिवाय ताकद, चपळाई, काटकपणा फुगवायला गुण कुठून तरी काढावे लागतात. ते मी बुद्धीतून काढले. याला खेळणारे 'डंप स्टॅट' म्हणतात: जो रकाना आपल्याला लागणार नाही असं वाटतं त्यात सगळा खड्डा करायचा. माणसाला बुद्धी ३ पर्यंत उतरवता येत होती, मी ३ वर आणली. योद्ध्याला काय करायची आहे बुद्धी?

मग भेटला माइंड फ्लेअर. तोंडाच्या जागी सोंडा, आणि त्या सोंडांनी तो मेंदू खातो. नियम साधा: एक फटका बसला की बुद्धीतून ५ वजा, बुद्धी शून्यावर आली की मेलात. तीनातून पाच. माझा योद्धा उभा आडवा झाला. जीव पुरा होता, अंगावर ओरखडा नव्हता. मुख्य पात्र मेलं की खेळ खलास, आणि शेवटचा सेव्ह तासाभरापूर्वीचा. त्याच्या सोबतचा म्हातारा मांत्रिक, ज्याला मी वाटेत लाकडासारखा हडकुळा म्हणून हसलो होतो, तो मात्र तीन फटके खाऊन उभा होता.

काही गेमवाल्यांनी ही कटकटच नको म्हणून रकाने काढून टाकले. 'स्कायरिम'ने २०११ मध्ये जीव, जादू आणि दम एवढे तीनच ठेवले. लोक लगेच खेळायला लागतात. मला तिथे चुकल्यासारखं होतं. चुकायला काही उरतच नाही.

आता हा तिसरा 'बाल्डर्स गेट', २०२३चा. यात सुरुवातीला फासे नाहीत, सगळ्यांना सारखे २७ गुण. सगळे रकाने ८ वर असतात, आपण १५ पर्यंत चढवायचे. १३ पर्यंत पायरीला एक गुण, पुढच्या दोन पायऱ्यांना दोन-दोन. वर एका रकान्यात २ आणि दुसऱ्यात १ फुकट. यात कुणी फसेल का? पण पुढे खेळताना टाकलेल्या फाशात मिळवतात तो आकडा वेगळाच असतो: दहा वजा करायचे, उरलेल्याचं निम्मं, अर्धुक राहिलं तर सोडून द्यायचं. १४ ला मिळतात २ आणि १५ लाही २. मी १५ ताकदीवर २ टाकून १७ केले, १४ काटकपणावर १ टाकून १५ केले. दोन्ही विषम, दोन्हीकडे अर्धुक वाया. उलट टाकलं असतं तर १६ आणि १६. हे मला रात्री एक वाजता अंथरुणात आठवलं आणि मी उठून बसलो.

छाप अर्थातच ८. म्हणजे उणे एक. दारावरच्या पहारेकऱ्याला गोडीगुलाबीने पटवायला १० हवे होते. वीस बाजूंचा फासा गरगरला आणि १० वर थांबला. मी टाळी वाजवली. मग फाशाखालून हळूच उणे एक वर आलं.

यावर इलाज आहे. छावणीत विदर्स नावाचं एक वाळून कोळ झालेलं प्रेत येऊन राहतं, ते १०० नाणी घेऊन सगळे रकाने पुन्हा भरून देतं. शेवटची १०० नाणी मी त्याला दिली. छाप वाढवली, १६-१६ची जोडी लावली. खड्डा कुठेतरी करायलाच हवा होता, तो चपळाईत केला.

सकाळी भाचा मागे येऊन उभा राहिला. "पैसे संपले? मग त्याच्याच खिशातून काढून घे ना. सगळे काढतात."

"विदर्सच्या?"

"हो. चपळाई किती ठेवलीयस?"

"आठ."

तो काही बोलला नाही. जरा वेळाने म्हणाला, "सोबतच्या दुसऱ्या कुणाला तरी पाठव." पण नाणी माझी, चूक माझी. मी वाकून त्या म्हाताऱ्याच्या मागे गेलो आणि फासा टाकला. तो फिरत असताना भाच्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.