गुहागरचा उचकटलेला जोड: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

टर्फचा, म्हणजे प्लास्टिकच्या गवताचा, जोड घरच्या घरी कसा चिकटवावा, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: "तुमचं वाचून मे महिन्यात गुहागरच्या अंगणातला जोड चिकटवला. गोंद तुम्ही सांगितला तोच, वेळही संध्याकाळची. श्रावणात तुळशीपासून सुरुवात होऊन अख्खा जोड उचकटला. गोंद भिकार आहे. पुण्याच्या कोरड्या हवेत बसून समुद्राकाठच्या लोकांना सल्ले देऊ नका. प्लास्टिकचं गवत कोकणात टिकत नाही हे सरळ लिहून टाका."

पुण्याच्या हवेबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे. गोंदाबद्दल मात्र पटत नाही, आणि टिकण्याबद्दल अर्धंच पटतं.

चूक माझ्या एका वाक्यात आहे: 'ऊन उतरल्यावर, संध्याकाळी चिकटवा.' हे मी पुण्यातल्या बाणेर-वाकडच्या बॉक्स क्रिकेटच्या मैदानांवर शिकलो. तिथे मे महिन्याच्या दुपारी टर्फला हात लावता येत नाही. गोंद पसरेपर्यंत आवळायला लागतो, आणि उन्हाने फुगलेलं टर्फ जोडलं तर रात्री ते आकसतं आणि मधे फट पडते. म्हणून संध्याकाळ. पुण्यापुरतं ते बरोबर आहे, पण 'पुण्यापुरतं' हा शब्द मी लिहिला नाही. तुमचे पैसे आणि सुट्टी त्यात गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ते वाक्य मी लेखात दुरुस्त केलं आहे.

आता तुमचा तिसरा फोटो पाहा, जोडाखालच्या गोंद लावलेल्या पट्टीचा, म्हणजे उलटवलेल्या टेपचा. गोंदाचा थर अनारशासारखा जाळीदार दिसतो ना? सगळी गोष्ट त्या जाळीत आहे. दोन डब्यांचा पॉलियुरेथेन गोंद मिसळल्यावर एका डब्यातला हार्डनर, म्हणजे गोंद घट्ट करणारं रसायन, दुसऱ्यातल्या राळेशी जुळायला हवा. ओल मिळाली तर तो पाण्याशीही जुळतो, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. गोंद फसफसतो, फुगतो आणि तसाच वाळतो. वरून भक्कम वाटतो, पण आत बुडबुडेच, धरायला अंगच नाही. गोंद वाईट असता तर तो चिकट राहिला असता किंवा सपाट सुटून आला असता. जाळी पडली म्हणजे खाली पाणी होतं.

मे महिन्यात, पावसाच्या आधी, पाणी कुठून आलं? हवेतून. पुण्यात दुपारी ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर फरशी साधारण ११ अंशांपर्यंत गार झाल्याशिवाय तिच्यावर दव धरत नाही. मे महिन्यात ते होणारच नाही. समुद्राकाठी ३० अंश आणि ८० टक्के असताना तोच आकडा, म्हणजे दवबिंदू, २६ वर येतो. रंगकाम आणि चिकटकाम करणारे एक नियम पाळतात: ज्यावर गोंद लावायचा तो पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम हवा. दिवे लागणीला गार होत जाणाऱ्या तुमच्या कोब्यावर तेवढी सवड उरली नसणार. डोळ्याला ओल दिसत नाही, पण हार्डनरला ती पुरते.

याहून वाईट म्हणजे मीठ. दोन वर्षांपूर्वी हर्णैजवळ एका घरी असाच सुटलेला जोड पाहायला गेलो होतो. टर्फ उलटवलं, चार तास कडक उन्हात वाळवलं, बॅकिंग, म्हणजे टर्फची पाठ, अगदी कोरडं लागत होतं. सहज ओलं बोट त्यावर फिरवून जिभेला लावलं, तर खारट. संध्याकाळी पुन्हा हात लावला तेव्हा तेच बॅकिंग दमट झालं होतं आणि पाऊस तर नव्हताच. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणजे समुद्राकाठी टर्फ नुसतं वाळवून चालत नाही, आधी धुवावं लागतं. हे मूळ लेखात यायलाच हवं होतं.

तेव्हा पुन्हा करताना घाई नको. डिसेंबर-जानेवारीपर्यंत थांबा. जुनी टेप पूर्ण काढा, जाळी झालेला गोंद पट्टीने खरवडून काढा. त्याच्यावरच नवा गोंद फासू नका, गडी कितीही म्हणाला तरी. दोन्ही कडा उलटवून बॅकिंग आणि कोबा दोनदा गोड्या पाण्याने धुवा. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका, नळाचं किंवा टँकरचं घ्या. मग दोन दिवस कडकडीत ऊन दाखवा. जोडायच्या आदल्या दिवशी दीड फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि १६ तासांनी पाहा. खाली थेंब दिसले किंवा कोबा काळवंडला असेल तर जमिनीतूनच ओल वर येते आहे, गोंद उघडू नका.

वेळ सकाळी दहा ते बाराची. शाळेत शिकलेले खारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. रात्रीचा मतलई वारा जमिनीवरून येतो, त्यामानाने कोरडा असतो. दहापर्यंत दवही उडालेलं असतं. दुपारी खारा वारा सुटायच्या आत गोंद लावून, वाळूच्या पिशव्यांनी दाबून मोकळं व्हायचं. पिशव्या दुसऱ्या दिवशीच काढा. त्यांत भरायला किंवा टर्फवर पसरायला समुद्राची वाळू नको, धुतलेली सिलिका वाळूच हवी. कडेचे जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, खिळे तर तुमच्या फोटोतच गंजून फुगलेले दिसतात. ते काढून ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. ३०४ स्वस्त मिळतं, पण खाऱ्या हवेत त्यावर डाग धरतात.

सुरुवात तुळशीपाशी झाली हे तुम्ही बरं लिहिलंत. तुमचा जोड वृंदावनाला चिकटून जातो आणि तिथे रोज सकाळी तांब्याभर पाणी पडतं. ते पाणी बॅकिंगखाली जाऊन बसतं. कसलाही गोंद लावा, तो जोड तिथे राहणार नाही. माझं मत विचाराल तर वृंदावनाभोवतीचं दोन-अडीच फूट टर्फ कापून टाका आणि तिथे जांभ्याची चिऱ्याची पट्टी करा. जे टर्फ निघेल ते ठिगळांसाठी जपून ठेवा. त्याच रंगाचं, तेवढंच उन्हाने विटलेलं टर्फ बाजारात मिळत नाही. ठिगळ लावताना पात्यांचा कल एकाच दिशेला ठेवा, नाहीतर लांबूनही चौकोन दिसतो.

टिकण्याचं म्हणाल तर ते बॅकिंगवर आहे. टर्फच्या पाठीचा काळा थर अंगठ्याने चोळून पाहा. लॅटेक्सचा असेल आणि भुकटी होऊन बोटाला लागत असेल, तर दुरुस्तीवर एक रुपया घालू नका. सतत ओल्या राहिलेल्या लॅटेक्सची पकड गेली की पाती मुळापासून निघतात, त्याला उपाय नाही. थर चिवट असेल तर मात्र तुमचं टर्फ जोडण्यासारखं आहे, आणि ते फेकून द्या असं मी तुम्हाला सांगणार नाही.

तर आधी अंगठ्याची परीक्षा करा. डिसेंबरात प्लास्टिक लावाल तेव्हा खालचा फोटो इथेच टाका. थेंब दिसले तर गोंदाच्या आधी त्या कोब्याच्या उताराबद्दल बोलावं लागेल.